धोंडे वाळलेत का?

सहल आधी तीनदा ठरली होती आणि तीनदा मोडली होती. पहिल्यांदा आईंना ताप आला. दुसऱ्यांदा वहिनीच्या जोडीची टेक्निशियन बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिसऱ्यांदा पाऊसच पंधरा दिवस आधी येऊन बसला. त्यामुळे चौथ्यांदा ठरवायला नणंद-भावजय रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या तेव्हा सहलीला निघालेल्या माणसाचं दोघींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सरकारी फॉर्म भरायला बसावं तशा त्या बसल्या होत्या.

वहिनी एका डायलिसिस सेंटरमध्ये कामाला होती. सकाळी सहाला पहिली मशीन लावायची, दुपारी दोनला शेवटची नळी काढून घरी यायचं. नणंद दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिला घरात, लॅबमध्ये, गल्लीत सगळे खारू म्हणत, कारण लहानपणी ती कपाटं, फाटकं, पाण्याच्या टाक्या, दिसेल त्यावर चढून बसायची. आता ती चौतीस वर्षांची होती, चष्मा लागला होता, तरी नाव खारूच राहिलं.

दोघींना धोंड्यांवर चढायचा नाद होता. डोंगर नव्हेत, धोंडे. माणसाच्या दुप्पट-अडीचपट उंचीचे. दोर नाही, खिळे नाहीत. खाली जाड गादी टाकायची, तळहातांना खडूची पूड लावायची आणि बोटांच्या न् पायांच्या जोरावर वर जायचं. पडलं तर गादीवर. याला बोल्डरिंग म्हणतात आणि लोक हे हौसेनं करतात, हे आईंना, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंना, कितीदा सांगूनही पटलं नव्हतं.

"वर काय असतं?" त्या विचारायच्या.

"काही नसतं."

"मग?"

खारूनं वहिनीला हा नाद लावला तो लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. एका जुन्या गोदामात लाकडी भिंतीवर चढायला शिकवायचे, तिथं ती तिला ओढत घेऊन गेली. दोन वर्षांत वहिनी तिच्या पुढं गेली. खारूला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट ती लोकांना सांगत सुटायची, "माझी वहिनी बघा, पाल आहे पाल!"

मग दीड वर्षापूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय पुन्हा पहिल्यासारखा टेकेना. त्यात साखर. दिवसातून दोनदा इंजेक्शन, चार वेळा गोळ्या, दर दोन तासांनी कूस बदलायची. सकाळ खारूची, दुपारपासून वहिनीची, रात्री आळीपाळीनं. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. कधी कुठली लिफ्ट बंद पडेल आणि त्याला बोलावणं येईल याचा नेम नसे, म्हणून त्याला कुणी हिशेबात धरतच नसे. तोही बिचारा स्वतःला धरत नसे.

खारूनं फोनवर हवामानाचं पान उघडलं. "हे बघ. दोन पावसांच्या मध्ये तीन आठवडे आहेत. पहिला आठवडा सोडून दे, धोंडे ओलेच असणार. तिसऱ्याचा भरवसा नाही."

"म्हणजे मधला."

"मधला. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत."

पाऊस थांबला म्हणजे दगड वाळला, असं त्यांच्या हवेत नव्हतं. सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्तच ओला लागायचा. दगडालाही घाम फुटायचा. चढायचं तर उजाडल्यापासून नऊपर्यंत, वारा असेल तोवर. पूर्वेकडचे धोंडे आधी वाळायचे, पण आठलाच तापायचे. पश्चिमेकडचे गार राहायचे, पण त्यांच्यावर शेवाळ. हे सगळं वहिनीला पाठ होतं आणि ते पुन्हा एकदा डोक्यात मांडायचं या विचारानंच तिला जांभई आली.

"माझ्या बोटांचं काय?" तिनं हात पुढं केले. सकाळचे आठ तास हातमोज्यांत घामेजून तिची बोटं पाण्यात पडून राहिल्यासारखी मऊ, पांढरट झाली होती. "या कातडीनं पहिल्या पकडीलाच सोलून निघेन."

"साच्यांच्या प्लास्टरची पूड लॅबमधून घेऊन येते. आठवडाभर रोज रात्री तिच्यात हात घालून बस." खारूचे हात सदा कोरडे, नखांच्या कडांना पांढरी भुकटी. "मी बघ, वर्षभर पांढरी पूड हाताला लावते आणि सुट्टी घेऊन कुठं जाते, तर पांढरी पूड हाताला लावायला."

दोघी हसल्या. मग गाद्यांचा विषय निघाला आणि हसू थांबलं. गाद्या दोन होत्या. एक बाल्कनीत बुरशी धरून पडली होती. दुसरी आईंच्या पलंगाशेजारी जमिनीवर होती. रात्री त्या कडेला सरकून पडल्याच तर लागू नये म्हणून खारूनंच ती तिथं टाकली होती.

"ती नको काढायला," वहिनी म्हणाली.

"बुरशीवालीला व्हिनेगर लावते. उन्हात टाकते."

"ऊन कुठंय?"

"पंख्याखाली टाकते, बाई! तू होय म्हण नुसतं."

वहिनी होय म्हणाली. खारूला बाहेर पडायची गरज आहे, असं तिला गेले सहा महिने वाटत होतं. पोरगी कवळ्या आणि आई यांच्यामध्ये वाळत चालली होती.

धोंडे एका रबराच्या मळ्यात होते. मळ्याच्या रखवालदाराला विचारून जावं लागे. त्याच्याकडे दोन खोल्या होत्या, त्यातली एक तो द्यायचा. मधल्या आठवड्यात, बुधवारी दुपारच्या सुट्टीत वहिनीनं त्याला फोन लावला. मागं मशीनींची घरघर चालू होती.

"धोंडे वाळलेत का हो?"

"धोंडे होय? आहेत की. जागेवरच आहेत."

"तसं नाही. ओले आहेत की कोरडे?"

"वरून कोरडे. खालून मी बघितलं नाही."

"जरा हात लावून सांगाल का? मी थांबते."

बराच वेळ चपलांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "लावला. गार आहे."

"गार म्हणजे ओला?"

"ताई, गार म्हणजे गार. तुम्हीच या आणि लावा हात. खोली झाडून ठेवतो."

तेवढ्यावर भागवावं लागलं.

खरा घोळ घरी होता. आईंपाशी कोण? विचारून पाहिलेली एकही पगारी बाई दोन रात्री राहायला तयार नव्हती. गुरुवारी रात्री जेवताना दादा म्हणाला, "मी आहे ना."

दोघींनी एकदमच ताटातून मान वर केली.

"तू?" खारू म्हणाली.

"का? शुक्रवार, शनिवार, रविवार मी सुट्टी टाकलीय."

"अरे, इंजेक्शन द्यायचं असतं."

"शिकव."

खारूनं त्याला संत्र्यावर शिकवलं. तिसऱ्या संत्र्यानंतर त्याचा हात स्थिर झाला. वहिनीनं गोळ्यांचे डबे लावले, वेळा लिहिल्या, कूस कशी बदलायची ते दाखवलं. चादर कुठली, साबण कुठला, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या काकांचा नंबर, साखर एकदम उतरली तर काय, सगळं लिहून तीन पानं झाली. दादा उभा राहून वाचत होता.

"काही अडलं तर लगेच फोन कर," वहिनी म्हणाली.

"अगं, मी बंद लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढतो. आई तर पलंगावर आहे."

"तीच तर अडचण आहे."

आतून आईंचा आवाज आला. पाय गेला होता, कान शाबूत होते. "होऊ दे गं त्याला पास-नापास व्हायचं ते! तुम्ही दोघी जा एकदाच्या. तुमची तोंडं बघूनच मला थकवा येतो."

दोघी आत गेल्या. आई उशीला टेकून बसल्या होत्या.

"खरंच सांगते," त्या म्हणाल्या, "ही सकाळी चेहरा पाडून येते, ती दुपारी चेहरा पाडून येते. आजारी मी आहे की तुम्ही?"

"आई, तसं काही नाही हो," वहिनी म्हणाली.

"जा म्हणते ना."

शुक्रवारी दुपारी दोघी निघाल्या. खारूनं लॅबच्या मालकाची जुनी गाडी मागून आणली होती. मागच्या सीटवर व्हिनेगरचा वास येणारी गादी, पाण्याचे कॅन, खडूच्या थैल्या, दगड घासायचे ब्रश, डासांचं मलम. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत वहिनीनं दादाला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "तू फोन करत राहिलीस तर मी आईकडे कधी बघू?"

तासाभरानं आभाळ भरून आलं. अंदाजात नव्हता तो पाऊस आला, आणि असा आला की काचेपलीकडचं काही दिसेना. खारूनं एका बंद पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी उभी केली. काचांवर आतून वाफ धरली. हवामानाच्या पानावर अजूनही सूर्याचं चित्र होतं.

"धोंडे आता दोन दिवस वाळत नाहीत," वहिनी म्हणाली. तिला वाटलं होतं तेवढं वाईट तिला वाटलं नाही, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

खारूनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. पुसत राहिली.

"वहिनी, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"सांग."

"मला यायचंच नव्हतं."

वहिनी सीटवर तिच्याकडे वळून बसली.

"म्हणजे धोंडे आवडत नाहीत असं नाही गं. पण आता नाही. आता माझ्या अंगात नाहीच. गेले कित्येक दिवस मी त्या गादीकडे बघते आणि मला वाटतं, हिच्यावर पडून राहावं, बास."

"मग चार चार वेळा ठरवलंस कुणासाठी?"

"तुझ्यासाठी! तू एवढी चांगली चढायचीस. आमच्या घरात आलीस आणि आईच्या पलंगापाशी अडकलीस. मला रोज वाटतं, माझी आई आहे आणि ही राबतेय. निदान हिला धोंड्यांवर तरी न्यावं."

वहिनीनं कपाळाला हात लावला. आधी तिला हसू फुटलं, मग ते हसू मध्येच कुठंतरी ओलं झालं. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"मी तुझ्यासाठी ठरवत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरगी सुकत चाललीय, हिला बाहेर काढलं पाहिजे. ड्युटी बदलून घेण्यासाठी मी त्या इन्चार्जबाईच्या किती मिनतवाऱ्या केल्या ठाऊक आहे?"

"आणि तुला? तुला यायचं होतं?"

वहिनीनं खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "मला झोपायचं होतं."

पावसाचा आवाज छपरावर एकसारखा चालू होता. एक ट्रक पाणी उडवत गेला.

"मग फिरवू गाडी?" खारूनं विचारलं.

"परत फिरलो तर घरी जावं लागेल."

हे वहिनीच्या तोंडून निघून गेलं आणि दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की खारूला ठसका लागला. दीड वर्षात हे वाक्य दोघींच्याही मनात रोज येऊन गेलं असेल, पण घरात ते बोलायला जागा नव्हती. नवरा वाईट नव्हता, आई वाईट नव्हत्या, कुणीच वाईट नव्हतं. त्यामुळे तक्रार करायची तर कुणाची?

पाऊस उणावल्यावर खारूनं गाडी पुढंच काढली.

रखवालदारानं खोली खरंच झाडून ठेवली होती. दोन खाटा, एक पंखा, भिंतीला ओलीचे नकाशे. "धोंडे आता भिजले," तो म्हणाला, जणू यात त्याचीच चूक होती. "मगाशी कोरडे होते हो."

"असू दे, काका."

"बघायला जाणार?"

"उद्या," खारू म्हणाली आणि चपला काढून खाटेवर आडवी झाली. वहिनी तोंड धुवायला गेली आणि परत आली तोवर ती झोपली होती. वहिनीनं दुसऱ्या खाटेवर पाठ टेकली. कुणाची कूस बदलायला उठायचं नव्हतं. गजर लावायचा नव्हता. हे शरीराला कळायला थोडा वेळ लागला. ते दोन तासांनी एकदा दचकून उठलं, काळोखात पंख्याकडे बघितलं आणि पुन्हा पडलं.

जाग आली तेव्हा खोलीत पांढरं ऊन होतं. वहिनीनं फोन बघितला. पावणेबारा. ती ताडकन उठून बसली. दादाचे फोन आलेले नव्हते, एकही नाही. तिनं लगेच लावला.

"काय झालं? फोन का नाही केलास?"

"काही झालंच नाही तर काय करू?" मागं रेडिओ चालू होता. "म्हणजे झालं थोडंसं. सकाळची एक गोळी राहिली. दहाला लक्षात आलं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आता द्या, चालेल. दिली."

"इंजेक्शन?"

"दिलं. आई म्हणते, संत्र्यापेक्षा तिचं कातडं जाड आहे. रात्री मी चारदा उठलो गं. कूस बदलायला. तू बरोबर लिहिलं होतंस, उजवीकडून हात घातला की सोपं जातं." मग तो म्हणाला, "तू गेली दीड वर्षं उठतेस."

"खारू आणि मी. आळीपाळीनं."

"हो. खारू आणि तू. जेवलीस का?"

"आत्ता उठले."

"मग जेव," म्हणून त्यानं फोन ठेवला.

खारू तोवर जागी झाली होती आणि छताकडे बघत पडली होती. "सगळं ठीक?"

"ठीक."

"मग मी अजून थोडी झोपू?"

त्या दिवशी त्यांनी फारसं काही केलं नाही. रखवालदाराच्या बायकोनं दिलेलं जेवल्या, पुन्हा झोपल्या, चारच्या सुमाराला पायऱ्यांवर बसून रबराच्या झाडांच्या ओळी बघितल्या. खारू मध्येच म्हणाली, "मला वाटलेलं, सुट्टी मिळाली की मी रडेन." वहिनी म्हणाली, "रड की." पण तिला रडू आलं नाही, भूक लागली.

रविवारी मात्र वहिनीला सहाच्या आधीच जाग आली. बाहेर वारा सुटला होता. ती गेली ती नुसती बघायला. धोंडे मळ्याच्या टोकाला, उतारावर होते, करडे, गुळगुळीत पाठीचे, म्हशी बसल्यासारखे. पश्चिमेकडचे हिरवे काळे होऊन चकाकत होते. पूर्वेकडच्या एकाच्या पोटाला तिनं तळहात लावला. गार होता. ओलाही होता, पण निथळत नव्हता.

तिनं मागं वळून बघितलं तर खारू डोक्यावर गादी घेऊन येत होती.

"तू का आलीस?"

"तू पडलीस तर तुला उचलायला कोण?"

गादी टाकली. वहिनीनं ब्रशनं पकडी घासल्या, फडक्यानं टिपल्या, हातांना खडू लावला, आणि एक जुनी, ओळखीची वाट धरली. पूर्वी ही वाट ती गप्पा मारत चढायची. तिसऱ्या पकडीवर बोटं सुटली आणि ती धपकन गादीवर आली. व्हिनेगरचा भपकारा उठला. पुन्हा चढली, पुन्हा तिथंच सुटली. पाच वेळा. दंड थरथरायला लागले, उजव्या मधल्या बोटाची कातडी निघाली.

"होईल गं," खारू म्हणाली.

"नाही होत. आणि मला त्याचं काही वाटतही नाहीये." ती गादीवर उताणी पडून राहिली. "बघ ना. पूर्वी दोन दिवस तोंड पाडून बसले असते."

खारूनं शेजारच्या बुटक्या धोंड्यावरची सगळ्यांत सोपी वाट निवडली, पोरं चढतात ती. हळूहळू, चष्मा सावरत, वर गेली आणि माथ्यावर पाय सोडून बसली. मग वहिनीही त्याच वाटेनं वर गेली. वर काही नव्हतं. दोघींच्या चड्ड्यांना शेवाळ लागलं. आठ वाजता ऊन तापलं आणि दगड चटके द्यायला लागला, तेव्हा त्या उतरल्या आणि आवरायला गेल्या.

परत येताना गाडीत ठरवाठरवी झाली ती दोनच गोष्टींची. एक, रात्रीच्या पाळ्या आता तिघांत वाटायच्या. दुसरी, शनिवार दादाचा. हे त्याला सांगायचं कुणी, यावर थोडा वाद झाला आणि ते काम वहिनीकडे आलं.

सांगायची वेळच आली नाही. घरात पाय ठेवला तर दादा स्वयंपाकघरात उभा होता, दोन दिवसांची दाढी, डोळे सुजलेले, शर्टाला औषधाचा डाग. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तो म्हणाला, "मी कंपनीत बोलणार आहे. शनिवारी मला बोलावू नका म्हणून. एक दिवस तरी मी बघतो." मग खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्याच त्याला डुलकी लागली.

त्या मोसमात त्या पुन्हा धोंड्यांवर गेल्या नाहीत. पुढचा पाऊस आला आणि सहलीचा विषयही निघाला नाही. पण दादानं कंपनीत बोलून टाकलं, आणि कुरकुरत का होईना, ते ऐकलं गेलं. पहिल्या शनिवारी खारू सकाळीच मैत्रिणीकडे गेली. वहिनीची त्या दिवशी रजा होती, तिला साडेनऊला जाग आली. बाहेर दादा आणि आई कशावरून तरी भांडत होते. बहुधा दुधावरून, तो म्हणत होता दूध गरम आहे, त्या म्हणत होत्या गार आहे. ती थोडा वेळ ऐकत पडली. मग तिनं पांघरूण वर ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.